फ्लोरेन्स: आईबाबांना घेऊन म्युझियम कशी बघावीत?

सप्टेंबरमध्ये आईबाबांना घेऊन इटलीला जातोय, फ्लोरेन्सला दोन-तीन दिवस मिळतील. बाबांना चित्रं-शिल्पं मनापासून आवडतात पण आईचे गुडघे दुखतात, फार वेळ उभं राहवत नाही तिला. उफिझी हे चित्रांचं म्युझियम आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा एकाच दिवशी होईल का? आणि कॅथेड्रलच्या त्या मोठ्या घुमटावर जायला लिफ्ट आहे का? कोणी जाऊन आलं असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद १
घुमटाला लिफ्ट नाही, ४६३ पायऱ्या आहेत आणि जिना अरुंद, तेव्हा आईंना नकोच. बाबा मात्र जमत असेल तर नक्की जाऊ देत, बुकिंग आधी करावं लागतं. ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने १४२० ते १४३६ मध्ये बांधलाय, आत एक आणि बाहेर एक असे दोन घुमट आहेत आणि तुम्ही त्या दोघांच्या मधल्या जागेतून चढता, काय डोकं असेल त्या माणसाचं!
उफिझी आणि डेव्हिड एका दिवशी करू नका हो. डेव्हिड अकादमिया या दुसऱ्या म्युझियममध्ये आहे, पाच मीटरच्या वर उंच, त्याला शांतपणे चारी बाजूंनी बघायला वेळ ठेवा. सोमवारी दोन्ही बंद असतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतं पण गर्दी प्रचंड, आईंना त्रास होईल.

प्रतिसाद २
सान मार्को कोणीच सांगत नाही म्हणून मी सांगते. जुना मठ आहे, जिना चढून गेलं की समोरच फ्रा अँजेलिको या संन्यासी चित्रकाराचं चित्र, देवदूत मेरीला येशूच्या जन्माची बातमी येऊन सांगतो ते, आणि मग संन्याशांच्या छोट्या छोट्या खोल्या, प्रत्येकीत भिंतीवर एक चित्र. एकेका खोलीत एकच, त्यामुळे मन भरकटत नाही. मला उफिझीपेक्षाही हे जास्त आवडलं.

प्रतिसाद ३
कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री बघितल्याशिवाय येऊ नका!! १८७० मध्ये इंग्लंडहून परत येताना महाराज फ्लोरेन्सलाच वारले, अगदी तरुण वयात, आणि आर्नो नदीला 'मुन्योने' ही छोटी नदी मिळते तिथे त्यांचे अंत्यसंस्कार झाले. तिथेच कासीने पार्कच्या टोकाला छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे, जवळच्या पुलालाही 'इंडियानो' असंच नाव आहे. पार्क खूप लांबलचक आहे, आईंसाठी टॅक्सी करा.

प्रश्नकर्ता
छत्रीचं माहीतच नव्हतं, बाबांना आत्ताच फोन करून सांगितलं. उफिझीचं तिकीट सकाळचं घेऊ की दुपारचं?

प्रतिसाद १
सकाळचं, उघडताना जे पहिलं मिळेल ते. बोत्तिचेल्ली या चित्रकाराच्या दालनात आधी जा, नंतर तिथे उभं राहायला जागा नसते.