आईच्या मेतकुटाचं नाव आणि चित्र दुसऱ्याने उचललं: ट्रेडमार्क घ्यावा की कॉपीराइट?

रामबागवाली: नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे. आई सात वर्षांपासून घरून मेतकूट, भाजणी आणि लोणचं विकते. पाकिटावर ‘आजीचं मेतकूट’ हे नाव आणि जात्यावर बसलेल्या आजीचं चित्र. चित्र माझ्या मावसभावाने काढून दिलं. गेल्या महिन्यात एका दुकानात दुसऱ्याच कुणाचं पाकीट दिसलं. तेच नाव, तेच जातं, फक्त आजीला चष्मा! आई म्हणतेय, रेसिपीचं पेटंट घे. सीए म्हणतो कॉपीराइट, शेजारचे काका म्हणतात ट्रेडमार्क. खरं काय? मुंबईला खेटे घालावे लागतील का?

पोहे_जिलेबी: भिया, निदान चष्मा तरी स्वतःच्या डोक्याने घातलाय त्याने 😀

कागदपत्र_काका: ताई, तिघांचंही थोडं थोडं चुकलंय. पेटंट विसरा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कृतीला ते मिळत नाही. नाव हा ट्रेडमार्कचा विषय (१९९९ चा कायदा), चित्र कॉपीराइटचा (१९५७ चा).

आता कटू बोलतो. ‘मेतकूट’ हे मालाचंच नाव, त्यावर कुणाचीच मक्तेदारी होत नाही. ‘आजीचं’ तर दर दुसऱ्या मसाल्यावर असतं. नुसत्या या दोन शब्दांचा अर्ज केलात तर हरकत निघणार हे धरून चाला. त्यांच्या जोडीला एखादा वेगळा शब्द घ्या. आईचं माहेरचं लाडाचं नाव असेल तर उत्तम.

एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला (म्हणजे मालाच्या एका प्रकाराला) ४,५०० रुपये. मेतकूट, भाजणी ३० व्या वर्गात. लोणचं २९ व्या, म्हणजे फी दुप्पट. मध्य प्रदेश मुंबईच्या नोंदणी कार्यालयाखाली येतो, पण अर्ज घरूनच होतो. नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये (नोंदणी खात्याच्या पत्रिकेत) छापून आलं की ४ महिने कुणीही विरोध करू शकतो. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत ‘टीएम’ (ट्रेडमार्क) लिहा, गोलातला ‘आर’ (रजिस्टर्ड) नको. नोंदणीआधी तो छापणं कायद्याला चालत नाही.

वडोदऱ्याची_सून: आमच्याकडे हेच काम अहमदाबाद कार्यालयाखाली येतं. माझा प्रश्न वेगळा: सासूबाईंच्या हस्तलिखित वहीतली कृती कुणी नेटवर टाकली तर?

कागदपत्र_काका: त्यांची वाक्यं जशीच्या तशी उचलली किंवा पानाचा फोटो टाकला, तर कॉपीराइटचा भंग. कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, नोंदणी नसली तरी. पण तेवढेच जिन्नस घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर काही करता येत नाही. चव कुणाच्या नावावर होत नाही.

रामबागवाली: म्हणजे त्या चष्मेवाल्याला आत्ता काहीच करता येणार नाही?

कागदपत्र_काका: येईल की! नोंदणी नसतानाही, आधीपासून वापरतोय आणि गिऱ्हाईक आम्हाला त्याच नावाने ओळखतं, हे दाखवता आलं तर दावा उभा राहतो. जुनी बिलं, छपाईवाल्याची पावती, फूड लायसन्स, गणपतीतल्या स्टॉलचे फोटो, सगळं शोधा. ट्रेडमार्कच्या अर्जात ‘अमुक सालापासून वापर’ लिहायचं तर प्रतिज्ञापत्राबरोबर हेच कागद लागतात. रद्दीवाल्याला काही देऊ नका!

आणि चित्र. ते पैसे न देता काढून घेतलं असेल तर त्याचा कॉपीराइट बहुधा अजून मावसभावाकडेच आहे. त्याच्याकडून लेखी हस्तांतरण करून घ्या. त्यात मुदत लिहा, नाहीतर कायदा ५ वर्षंच धरतो. मोबदलाही लिहा. चष्म्याच्या आजीविरुद्ध तुमचा खरा जोर या चित्रातच आहे, नावापेक्षाही.

रामबागवाली: २०१९ चं छपाईचं बिल सापडलं! आईने त्यात कोकम गुंडाळून ठेवलं होतं. मावसभाऊ सही द्यायला तयार आहे, पण आधी दोन किलो भाजणी मागतोय.

कागदपत्र_काका: द्या की. मोबदल्याच्या रकान्यात तेच लिहा.