डिसेंबरात 14 मेंढ्या व्यायच्या आहेत, काय तयारी करू? (कुही, नागपूर)

कुहीवाला
नमस्कार मंडळी. कुहीकडे चार एकर पडीत आहे, तिथं 14 मेंढ्या अन एक मेंढा ठेवलाय. मेंढा जुलैच्या मधात सोडला, म्हणजे पाच महिने धरले तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होईल. मागच्या थंडीत एकीनं जुळी दिली, सकाळी पाहतो तर एक कोकरू गार पडून, दुसरं तिसऱ्या दिवशी गेलं. घरचे म्हणून राहिले इकून टाक. कोणती औषधं आणून ठेवू? बकरीवाले ढिगानं भेटतात, मेंढीवाला एक भेटत नाही बाप्पा.

काटोलकर
औषधं मागून, पहिले मेंढीचं पोट बघा. पोटातलं पिल्लू सगळ्यात जास्त शेवटच्या दीड महिन्यात वाढते आणि आपल्याकडे नेमकं तेव्हाच रान वाळून जाते. नुसत्या सोयाबीनच्या कुटारावर जुळी निघत नाहीत. मक्याचा भरडा अन ढेप (पेंड) मिळून एका मेंढीला पाव किलो रोज, पण हळूहळू वाढवत न्या, एकदम दिलं तर पोट फुगून मेंढीच जाईल. आणि एखादी खाणं सोडून बाजूला उभी राहिली, डोळ्यानं दिसेनासं झाल्यासारखी भिंतीला डोकं लावून, तर गूळपाण्याच्या भरवशावर बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

सेमिनरी हिल्स रिटर्न
मी इथल्याच व्हेटरनरी कॉलेजात शिकलो म्हणून दोनच गोष्टी. ईटीव्हीची लस (आंत्रविषाराची) व्यायच्या तीन-चार आठवडे आधी आईला द्या, चिकातून पिल्लाला ताकद जाते. दुसरं, गाईचं मिनरल मिक्श्चर मेंढीला चालत नाही, त्यातलं तांबं तिला विषारी पडते. दुकानदार खुशाल देऊन देतो "सगळ्याले चालते" म्हणून.

उमरेडचा भाचा
माझ्या मामाकडे तीन पिढ्या मेंढ्या. तो म्हणते कोकरू थंडीनं कमी, उपाशीपोटी जास्त मरते. व्याल्यावर तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे. कासेची पहिली धार हातानं काढून टाक, सडाच्या तोंडाशी चिकट गुठळी असते, पिल्लाले ती ओढल्या जात नाही. पिल्लाच्या तोंडात बोट घालून पाह, गार लागलं तर आधी गोणपाटात गुंडाळून शेकोटीजवळ गरम कर, मगच चीक पाज. गार पिल्लाच्या नरड्यात दूध ओतशील तर संपलंच. नाळेले टिंचर आयोडीन लाव. अन जुळी असली की आई-पिल्लं दोन दिवस चार बाय पाच फुटाच्या खोपट्यात वेगळी ठेव, नाहीतर ती एकाच्या मागं जाते अन दुसरं तिथंच राहते.

कुहीवाला
हे तर माझंच झालं, दुसऱ्याला ती हुंगतही नव्हती! मी समजलो आजारी आहे. बरं, आईचाच चीक कमी पडला तर?

उमरेडचा भाचा
दुसऱ्या ताज्या व्यालेल्या मेंढीचा, नाहीतर बकरीचा चालते. तीन किलोच्या पिल्लाले पहिल्या खेपेला दीडशे मिली. पहिली व्याली की तिचा उरलेला पिळून फ्रीजरात ठेव.

काटोलकर
आणि मेंढा काढून घ्या कळपातून, माझा बाराही महिने सोबत होता तर मे महिन्यात पिल्लं पडली, 45 डिग्रीत.

कुहीवाला
मेंढा उद्याच बाजूला बांधतो. फ्रीजरचं मात्र बायकोला तुम्हीच सांगा.