आईला बंकोला न्यायचं आहे, नियम कोणी समजावेल का?

पारिजातक
आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ओहायोला आली आहे. शेजारच्या बाईंनी शुक्रवारी आम्हा दोघींना बंको खेळायला बोलावलंय. बारा जणी, फासे, खाणं आणि बक्षिसांसाठी प्रत्येकी ५ डॉलर. मी स्वतः कधी खेळलेले नाही. आईला इंग्रजी कळतं, पण भराभर बोललेलं नाही. घरी नातवंडांबरोबर पत्ते, सापशिडी अगदी रंगून खेळते. तिथे तिला नुसतं हसत बसावं लागू नये. नेऊ का? आधी काय शिकवू?

अंबाडी
जरूर ने. आमच्या गल्लीतला बंको मी कधीच चुकवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

चार-चार जणींची तीन टेबलं. समोरासमोर बसतात त्या भिडू. प्रत्येक टेबलावर तीन फासे. पहिल्या फेरीत एकचं दान हवं, दुसरीत दोनचं, असं सहापर्यंत. तिन्ही फासे एकदम टाकायचे. हवा तो आकडा जितक्या फाशांवर, तितके गुण. गुण मिळत असेपर्यंत तीच खेळते, नाही मिळाला की फासे पुढे. तिन्हींवर हवा तोच आकडा आला की 'बंको' ओरडायचं, २१ गुण! दुसराच कुठला आकडा तिन्हींवर आला तर ५. मुख्य टेबलावर कुणा जोडीचे २१ झाले की घंटा वाजते आणि सगळीकडची फेरी थांबते.

आईंना अडचण खेळाची येणार नाही, टेबल बदलण्याची येईल. फेरी संपली की जिंकलेली जोडी वरच्या टेबलावर जाते आणि भिडूही बदलतात. म्हणजे तू त्यांच्या शेजारी राहणार नाहीस. कुणी कुठे सरकायचं याचे नियम घरोघरी थोडे वेगळे असतात, तेव्हा यजमानीणबाईंना आधीच विचार. आणि आईंना गुण लिहायला बसवू नका एवढं सांगून ठेव. त्या घाईत नवखी माणसं बावरतात.

डोंबिवलीकर
आकडेमोड सांगतो, काकूंना धीर येईल. तीन फाशांची दानं २१६ प्रकारे पडतात. त्यातल्या ९६ वेळाच काहीतरी गुण मिळतो. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा पहिल्याच फेकीला पाळी जाते, मुरलेल्या बाईचीसुद्धा. ठरलेल्या आकड्याचा बंको २१६ मध्ये एकदा. इथे डोकं चालवून कुणी पुढे जात नाही, त्यामुळे काकू पहिल्या दिवसापासून बरोबरीच्या.

पारिजातक
अंबाडी, टेबल बदलण्याचं माझ्या ध्यानातच आलं नसतं. काल जेवणानंतर लुडोचे फासे घेऊन बसलो. आईने नियम लगेच पकडले, उलट माझं मोजणं तीच तपासत होती! फेरीचा आकडा एका कागदावर मोठा लिहून देणार आहे, म्हणजे कुणाला विचारायला नको. आता तिला एकच काळजी, सोबत काय करून न्यायचं. साबुदाणा वडे म्हणतेय.

अंबाडी
वडे नकोत गं, हात तेलकट होतात आणि फासे टाकायला हात सतत लागतो. सुरळीच्या वड्या काड्या टोचून न्या. हिरवी मिरची कमी घाला, आणि नारळ, मोहरी घातलीय हे लिहून ठेवा. इकडे अॅलर्जीचं फार विचारतात.