मदत हवी आहे: ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या बाबांना घेऊन ऑशकॉशचा विमानमेळा, नागपूरहून कसं जमवावं?

सोनेगावकर:

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

बाबा मार्चमध्ये ऐंशी पूर्ण करतील. काय हवं विचारलं की "काही नको" हे ठरलेलं उत्तर. पण त्यांना काय हवंय ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना डाकोटा या जुन्या पंख्याच्या विमानाचा आवाज ऐकायचाय.

आजोबा आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टर होते. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारी दिशांनी विमानं निघायची, मध्यरात्री आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत आपापल्या वाटेनं परत. बाबा नऊ-दहा वर्षांचे असतील. आजोबा एकदा डबा घरीच विसरले, तो द्यायला बाबा काकांच्या सायकलच्या दांडीवर बसून गेले. तिथे डाकोटा सुरू होताना पाहिलं. आजही ते तोंडानं करून दाखवतात: "पयले खोकते, मंग निळा धूर फेकते, मंग बसते लयीत." माझी मुलगी दर वेळी हसते आणि ते दर वेळी परत करतात.

२०२२ च्या नोव्हेंबरात वायुसेना नगरात एअर फेस्ट झाला तेव्हा आम्ही फुटाळा तलावावर फोल्डिंग स्टूल टाकून बसलो होतो. वायुसेनेच्या सूर्यकिरण कसरत-पथकाची नऊ विमानं पाहून बाबांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर म्हणाले, "चांगलं होतं. पण आवाज येईपर्यंत इमान निघून जाते."

तेव्हापासून ऑशकॉश डोक्यात आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये जुलैच्या अखेरीस आठवडाभर चालणारा मेळा, दहा हजारांच्या आसपास विमानं उतरतात म्हणतात. भाची शिकागोजवळ राहते, गाडी चालवायला ती आहे. आता अडचणी: बाबांचा डावा गुडघा बदललेला आहे, बीपी-शुगर आहे, थांबत थांबत किलोमीटरभर चालतात. पूर्ण आठवडा झेपेल का? राहायचं कुठे? व्हिसाचं कसं? आणि मुख्य म्हणजे एवढं करून तिथे डाकोटा नक्की असेल का?

तर्रीपोहे:

भाऊ, वाचून छान वाटलं, पण खरं सांगू का? एवढ्या खर्चात काकांना चारधाम, रामेश्वर सगळं होईल. डाकोटाचा आवाज हेडफोन लावून यूट्यूबवर ऐकवा, फर्स्ट क्लास येतो.

सोनेगावकर:

ऐकवला. म्हणाले, "पोटात नाही घुसत."

तर्रीपोहे:

मंग काय बोलता आता. जा बाप्पा.

काटोलरोड:

अमेरिकेआधी बेंगळुरूजवळच्या येलहंकाचा विचार केला का? एअरो इंडिया १९९६ पासून दर दोन वर्षांनी होतो, मागचा २०२५ च्या फेब्रुवारीत झाला. आपल्या वायुसेनेकडे उडणारी डाकोटा आहे, 'परशुराम'. इंग्लंडमध्ये दुरुस्त करून २०१८ मध्ये दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उडवत आणली. तिच्यावरचा नंबर व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला पहिली तुकडी घेऊन उतरलेल्या डाकोटाचा तोच नंबर. २०२१ च्या प्रजासत्ताक दिनाला राजपथावरून दोन एमआय-१७ हेलिकॉप्टरांसोबत गेली होती.

पण घेऊन जाण्याआधी ऐका. एअरो इंडिया मुळात संरक्षण सामग्रीच्या खरेदी-विक्रीचं प्रदर्शन आहे. सुरुवातीचे दिवस धंदेवाल्यांचे, सामान्य माणसाला शेवटी शेवटी. गर्दी आणि ट्रॅफिक म्हणजे जीव काढतात. २०१९ मध्ये पार्किंगला आग लागून तीनशेच्या आसपास गाड्या जळाल्या, तेव्हा मी तिथेच होतो. आमची गाडी वाचली, पण बाहेर पडायला रात्र झाली. ऐंशीच्या माणसाला घेऊन मी परत जाणार नाही. आणि परशुराम त्या दिवशी उडेलच याचा भरवसा नाही.

विमानवेडी:

सोनेगावकरभाऊ, मी ऑशकॉशला दोनदा गेले आहे, एकदा तंबूत राहून आणि एकदा शहाण्यासारखी. म्हणून थोडं सविस्तर.

आधी एक समज दूर करते. हा एअर शो आहे, पण दुपारनंतर. खरा मेळा म्हणजे लोक स्वतःची विमानं घेऊन येतात तो. घरच्या गॅरेजमध्ये बांधलेली, शेतातून उडवलेली, समुद्री, दुसऱ्या महायुद्धातली. संस्थेचं नावच एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, १९५३ मध्ये मिलवॉकीत सुरू झाली. मेळा १९७० पासून कायमचा ऑशकॉशच्या विटमन विमानतळावर आला. त्या आठवड्यात तिथला कंट्रोल टॉवर जगातला सगळ्यात बिझी टॉवर असतो.

ही विमानं येतात कशी ते काकांना नक्की सांगा, त्यांना आवडेल. रिपॉन नावाच्या गावापासून ती रेल्वेच्या रुळांवरून उडत येतात. एकामागे एक, अर्ध्या मैलाचं अंतर, बहुतेक अठराशे फुटांवर नव्वद नॉटच्या वेगानं. वाटेत फिस्क म्हणून चिमुकलं गाव, तिथे जमिनीवर बसलेले कंट्रोलर दुर्बिणीनं बघतात आणि रेडिओवर सांगतात, "लाल-पांढरं, वरच्या पंखाचं विमान, पंख हलव." पायलट तोंडानं उत्तर देत नाही, पंख हलवतो. मग पुढे धावपट्टीवर रंगीत ठिपके रंगवलेले असतात. हिरव्यावर उतर, नारिंगीवर उतर, असं करून एकाच पट्टीवर एका वेळी दोन-तीन उतरवतात. तिथले कंट्रोलर गुलाबी शर्ट घालतात. पहिल्यांदा मला ते केटरिंगवाले वाटले होते.

आता डाकोटाचं. ऑशकॉशला बासलर नावाची कंपनी त्याच विमानतळावर आहे, तिचं कामच जुन्या डाकोटांना नवं आयुष्य देण्याचं. त्यामुळे डाकोटा दिसेल. पण फसू नका! बासलर त्यांना टर्बाइन इंजिन बसवते, ती शिट्टीसारखी वाजतात. काकांना हवाय तो प्रॅट अँड व्हिटनीच्या ट्विन वास्पचा आवाज, गोल मांडलेले चौदा सिलिंडर, बाराशे अश्वशक्ती, अशी दोन. त्यासाठी वॉरबर्ड (जुनी लढाऊ-लष्करी विमानं) आणि व्हिंटेज विमानांकडे जायचं. सकाळी लवकर गेलात तर मालक इंजिनाखाली सांडलेलं तेल पुसत उभे असतात, विचारलं की गप्पा मारतात. सुरू कधी करणार तेही सांगतात.

सोनेगावकर:

टर्बाइनचं हे कुठेच वाचलं नव्हतं. मी बासलरच्या गेटवरच नेऊन उभं केलं असतं त्यांना. 🙏

ताई, पूर्ण आठवडा?

विमानवेडी:

अजिबात नको. मैदान अफाट आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मलाच थकायला झालं. फुकट ट्राम फिरतात, पण त्यांच्याही रांगा. बसून फिरायची बॅटरीवरची स्कूटर भाड्यानं मिळते, ती आधीच सांगून ठेवा. तीन दिवस जा आणि तेही अर्धे-अर्धे. रविवारी पोहोचा. मेळा सोमवारी सुरू होतो, पण शनिवार-रविवारी विमानं उतरण्याची जी झुंबड असते ती मला तरी एअर शोपेक्षा भारी वाटते. बुधवारी रात्रीचा शो असतो, आतषबाजीसकट. तो बघा आणि गुरुवारी परत. दुपारचा एअर शो साधारण अडीचला सुरू होतो. तेव्हा काकांना खोलीवर झोपू द्या, बिघडत नाही. त्यांना सकाळच महत्त्वाची.

राहण्याचं: हॉटेलं वर्षभर आधी भरतात आणि दर अव्वाच्या सव्वा होतात. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ऑशकॉश कॅम्पसची वसतिगृहं त्या आठवड्यात भाड्यानं देतात, स्वस्त पडतं, बसही जाते. पण बहुतेक ठिकाणी बाथरूम सामाईक. रात्री दोन-तीनदा उठणाऱ्या माणसाला अडचण होईल. गावातले लोक आपली घरं देतात, त्यात तळमजला शोधा. नाहीतर ॲपलटन किंवा फॉन्ड डू लाक बघा, रोज भाची गाडीनं आणेल. तंबूचा विचारही करू नका.

काटोलरोड:

हवेचं? नागपूरकराला जुलैत विस्कॉन्सिन म्हणजे हिल स्टेशन वाटेल.

विमानवेडी:

आपण ४५ डिग्रीत राहणारे, पण आपण दुपारी बारानंतर घराबाहेर पडत नाही हे विसरतो. 😄 तिथे उघड्या काँक्रीटवर सावली नाही. टोपी, पाणी, छत्री. रात्री मात्र स्वेटर लागतो. आणि पाऊस आला की चिखल. २०१० मध्ये मेळ्याआधी इतका पडला की शेतातली पार्किंगची जागा दलदल झाली. लोकांनी त्या वर्षाला 'स्लॉशकॉश' नाव दिलं. एक जोडी जुने बूट वेगळे ठेवा.

बेसाकाकू:

व्हिसाबद्दल मी सांगते, आमच्या ह्यांना आणि सासूबाईंना घेऊन मागच्याच वर्षी गेले होते. बी-१/बी-२ म्हणजे पर्यटक-पाहुण्यांचा व्हिसा, त्याचा फॉर्म डीएस-१६०, फी १८५ डॉलर. मुंबईत दोन कामं असतात, आधी बोटांचे ठसे-फोटो आणि मग वाणिज्य दूतावासात बीकेसीला मुलाखत. ती सहसा वेगवेगळ्या दिवशी येतात, म्हणून मुंबईत दोन-तीन रात्री धरा. मुलाखतीच्या तारखा लांबच्या मिळतात. जुलैला जायचं म्हणजे आजच फॉर्म भरा. आम्ही एका एजंटला पैसे दिले, त्यानं फॉर्ममध्ये सासूबाईंची जन्मतारीख चुकवली आणि पुन्हा सगळं मीच बसून भरलं. स्वतः भरा, अवघड नाही.

समृद्धीनं गाडी काढून सात-आठ तासांत मुंबई, असं डोक्यात असेल तर काकांच्या गुडघ्याला आधी विचारा. विदर्भ एक्सप्रेसनं झोपून न्या.

मुलाखतीत खरं तेच सांगू द्या. माझ्या सासूबाईंनी "नातवाला लाडू द्यायला चालले" सांगितलं, अधिकारी हसला आणि पुढे काही विचारलंच नाही. काकांनी डाकोटाचं सांगावं. तोंडानं करून दाखवलं तरी चालेल.

आणि विमा! आधीपासूनचे आजार कव्हर होतात अशीच पॉलिसी घ्या, बारीक अक्षरातलं वाचून. तिथला एक दिवसाचा दवाखाना म्हणजे आपल्या इथला फ्लॅट. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नको.

विमानवेडी:

काकू म्हणतात ते सगळं बरोबर. मी नागपूरहून दोहामार्गे शिकागोला गेले होते, मुंबई-दिल्लीची उठाठेव वाचली. व्हीलचेअर तिकिटातच मागा, ऐनवेळी नाही. शिकागोहून गाडीनं तीन तास धरा, मिलवॉकीहून दीड. रस्ता सोपा आहे, आय-४१ महामार्ग विमानतळाच्या अगदी शेजारून जातो.

आणि एक राहिलं. तिथेच पायोनियर एअरपोर्ट म्हणून गवताची छोटी धावपट्टी आहे, संस्थेच्या म्युझियमला लागून. संस्थेकडे १९२९ सालचं फोर्ड ट्रायमोटर आहे, पत्र्याचं, तीन इंजिनांचं. त्यात पैसे भरून चक्कर मारता येते. डाकोटा नाही, पण इंजिनं गोलच, आणि आवाज बाहेरून ऐकायचा नसतो, त्याच्या आत बसायचं असतं. काकांना पोटात घुसायला हवं ना? पायरी चढायला मदत करतात, तरी गुडघ्याचं आधी बोलून घ्या.

तर्रीपोहे:

आता मलाच जावं वाटून राहिलं यार. तिथे तर्री मिळते का?

विमानवेडी:

नाही. आईस्क्रीम मात्र ढीगभर.

सोनेगावकर:

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी कळवतोय कारण मध्ये बाबांच्या शुगरनं जरा घाबरवलं, आता बरे आहेत. डॉक्टरांनी हो म्हटलंय, दोन अटींवर: विमानात दर दीड तासानं उठून चालायचं आणि गोळ्यांच्या वेळा भारतातल्या धरायच्या की तिथल्या ते आधी लिहून न्यायचं. (तिकडे साडेदहा तास मागे, त्यामुळे भाचीनं तक्ता केलाय.)

पासपोर्ट आला. डीएस-१६० मीच भरला, काकू, जन्मतारीख तीनदा तपासली. भाचीनं फॉन्ड डू लाकमध्ये तळमजल्याचं घर चार रात्रींसाठी धरलंय. मुलाखतीची तारीख अजून लागायची आहे.

बाबांना काल रात्री जेवताना सांगितलं. थोडा वेळ काही बोललेच नाहीत, वरणभात कालवत राहिले. मग विचारलं, "तिथं इमानं रात्री येतात का?"

मी म्हटलं, नाही, मेळ्यात रात्री आठनंतर उतरू देत नाहीत, सकाळी सातला पुन्हा सुरू.

"मंग पहाटेच निघू," म्हणाले. "डबा घेऊन."