तुमचा पूर्ण पत्ता तुम्हाला माहीत आहे का? आणि तो नक्की कोणाचा?

आडवाटेचा

मागच्या आठवड्यात एक जुनी मैत्रीण म्हणाली, "मी मॅस्टोडॉनवर आहे, शोध मला." मॅस्टोडॉन म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या, पण एकमेकांशी जोडलेल्या अनेक सर्व्हरांचं समाजमाध्यम. तिने दिलं ते देवनागरीतलं नाव. त्या नावाची बरीच खाती निघाली, वेगवेगळ्या सर्व्हरांवर, निम्म्यांना फोटोच नाही. तिला विचारलं, "तुझा सर्व्हर कुठला?" तर म्हणाली, "सर्व्हर म्हणजे?" दोन वर्षं ती तिथे लिहिते आहे.

यात तिचा दोष नाही. देवनागरीत दिसतं ते नुसतं दाखवायचं नाव, ते कुणीही काहीही ठेवू शकतो. खरा पत्ता रोमन अक्षरांत आणि दोन तुकड्यांत असतो: @नाव@सर्व्हर. आपल्याच सर्व्हरवर वावरताना दुसरा तुकडा पुष्कळदा गाळलेला असतो, घरात कुणी आडनावाने हाक मारत नाही तसा. मग लोकांना अर्धाच पत्ता पाठ होतो. आपलं प्रोफाइल उघडा, नावाखालची ओळ दोन्ही @ चिन्हांसकट उचला आणि तीच द्या. समोरच्याने ती त्याच्या स्वतःच्या सर्व्हरच्या शोधचौकटीत टाकायची. त्याचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला विचारतो की या नावाचं खातं कुठे आहे. या चौकशीला वेबफिंगर म्हणतात, 2013 पासून ते ठरलेलं मानक आहे. उत्तर आलं की फॉलोचं बटण समोर येतं.

आता माझं मत. त्या पत्त्यातला दुसरा तुकडा, म्हणजे सर्व्हरचं डोमेन (इंटरनेटवरचं नाव), आपला नसतो, सर्व्हर चालवणाऱ्याचा असतो. त्याने कंटाळून सर्व्हर बंद केला की आपलं नाव गेलं. फेब्रुवारी 2024 मध्ये 'क्वीअर डॉट एएफ' या सर्व्हरचं डोमेन तालिबानच्या ताब्यातल्या अफगाणिस्तानने बंद केलं, कारण 'एएफ' हा शेवट त्या देशाचा. माणसं तीच, लिखाण तेच, पण पत्ता एका दिवसात नाहीसा झाला. म्हणून ज्याला इथे टिकून लिहायचं आहे त्याने स्वतःचं डोमेन घ्यावं आणि पत्ता त्यावर ठेवावा. सर्व्हर दुसऱ्याकडून चालवून घेता येतो, आणि उद्या चालवणारा बदलला तरी पत्ता तोच राहतो.

दगडी पाटी

अहो, तुम्ही दिलेलं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं! त्या सर्व्हरचं डोमेन त्याच्या चालकांनी रीतसर घेतलेलं होतं. तरी गेलं. डोमेन विकत मिळत नाही, वर्षावर्षाच्या बोलीने भाड्याने मिळतं. नूतनीकरण विसरलात, कार्डाची मुदत संपली, आजारी पडलात, तर काही काळाने ते दुसरा कुणी घेईल आणि तुमच्या नावाने बोलायला लागेल. सर्व्हर बंद पडला तर माणूस निदान गप्प होतो. डोमेन गेलं तर दुसराच बोलतो. यातलं वाईट कोणतं?

आणि मॅस्टोडॉनचा सर्व्हर एकदा एका डोमेनवर उभा केला की ते नंतर बदलता येत नाही, हेही सांगायला हवं होतं. अपडेट, बॅकअप, वाढत जाणारी साठवण हे सगळं कोण बघणार? तुमची मैत्रीण?

त्यापेक्षा सर्व्हर नीट निवडा. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येणाऱ्या सर्व्हरांना काही अटी पाळाव्या लागतात: रोज बॅकअप, अडीअडचणीला सर्व्हर हाताळू शकणारी निदान आणखी एक व्यक्ती, आणि बंद करायचं झाल्यास किमान 3 महिने आधी सूचना. सामान्य माणसाला एवढं पुरे.

आडवाटेचा

मान्य. उदाहरण देताना मी ते पुरतं तपासलं नाही. देशांची म्हणून जी डोमेनं असतात ती त्या देशाच्या मर्जीवर असतात. 2023 मध्ये मालीच्या 'एमएल' डोमेनांवरचे काही सर्व्हरही असेच अडकले होते. तेव्हा मत थोडं सुधारतो: ज्या देशाशी आपला संबंध नाही त्याचं डोमेन केवळ अक्षरं छान दिसतात म्हणून घेऊ नये.

पण 3 महिन्यांच्या सूचनेवर विसंबून राहायला मी तयार नाही. तो शब्द आहे, करार नव्हे.

चांदणवेल

तुम्ही दोघं एकाच जाळ्याबद्दल बोलताय. पत्ता आणि ओळख या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमाने दाखवलं आहे.

तिथे हँडल, म्हणजे खात्याचा पत्ता, हेच डोमेन. त्याच्या मागे डीआयडी नावाचा लांबलचक, अर्थहीन ओळखक्रमांक असतो आणि लोक खरं तर त्याला फॉलो करतात. मी मागच्या वर्षी कंपनीचं आयतं हँडल सोडून स्वतःच्या डोमेनवर गेले. सेटिंगमध्ये 'हँडल बदला', मग 'माझं स्वतःचं डोमेन आहे' असं निवडलं की तो डीआयडी दिसतो. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठे जातं याच्या नोंदींमध्ये, टीएक्सटी नावाची एक मजकुराची नोंद टाकायची, त्यात तो डीआयडी चिकटवायचा, 'तपासा' म्हणायचं. झालं. सर्व्हर नको, बॅकअप नको. एकही फॉलोअर गळला नाही, जुन्या पोस्टही जागच्या जागी.

आणि दगडी पाटी, तुमच्या भीतीचं उत्तरही यातच आहे. उद्या माझं डोमेन दुसऱ्याने घेतलं तर त्याला माझं हँडल मिळेल, पण माझं खातं, माझे फॉलोअर मिळणार नाहीत. मी दुसरं हँडल लावीन.

दगडी पाटी

आणि तो ओळखक्रमांक कुठल्या वहीत लिहिलेला असतो? जवळजवळ सगळ्यांचे डीआयडी 'पीएलसी' प्रकारचे आहेत आणि त्यांची एकच मध्यवर्ती नोंदवही आहे. ती ब्लूस्काय कंपनीनेच सुरू केली आणि चालवली. पीएलसी ही अक्षरंच मुळात प्लेसहोल्डर या शब्दावरून आली, म्हणजे तात्पुरती सोय. ती वही स्वित्झर्लंडमधल्या स्वतंत्र संस्थेकडे देण्याचं कंपनीने 2025 मध्ये जाहीर केलं, ते चांगलंच आहे. पण वही एकच राहणार. आपण एका दाराची किल्ली दुसऱ्याकडून काढून तिसऱ्याकडे देतो आहोत.

चांदणवेल

वहीतल्या नोंदीवर आपली स्वतःची चावीही, म्हणजे बदलांवर सही करणारा गुप्त डिजिटल संकेत, जोडता येते. ती कंपनीच्या चावीपेक्षा वरच्या क्रमांकाची ठेवली तर कुणी परस्पर केलेला बदल 72 तासांच्या आत उलटवता येतो. फार थोडे लोक हे करतात, हे मात्र खरं. मीही अजून केलेलं नाही.

एकतारी

मग सरळ नॉस्टर या तिसऱ्या जाळ्यावर या ना. तिथे पत्ता बांधून ठेवणारा सर्व्हर नाही, डोमेन नाही, वही नाही. चाव्यांची एक जोडी, बस. 'एनपब'ने सुरू होणारी उघडी चावी हाच पत्ता, 'एनसेक'ने सुरू होणारी गुप्त चावी हाच पासवर्ड. लिखाण कुठल्याही रिलेवर (ते साठवून पुढे पोचवणाऱ्या साध्या सर्व्हरवर) ठेवा, एक रिले बंद पडला तर दुसरा. ओळख कुणी काढूनच घेऊ शकत नाही.

ओलीशाई

काढून घेऊ शकत नाही, पण हरवू शकते. माझ्या घरातल्या एका व्यक्तीची गुप्त चावी जुन्या फोनबरोबर गेली. परत मिळवायची वाटच नाही, कारण विचारणार कुणाला? तीन वर्षांचं लिखाण त्या नावाखाली तसंच आहे आणि त्या नावाने आता कुणीच बोलू शकत नाही. आणि चोरीला गेली असती तर बदलून घ्यायची सोयही नाही. त्रेसष्ट अक्षरांचा पत्ता तोंडी सांगता येत नाही म्हणून लोक त्यावरही डोमेनचं नाव लावतात, म्हणजे फिरून पुन्हा तिथेच.

पण मला मूळ मुद्द्याबद्दलच बोलायचं आहे. सगळीकडे एकच ओळख हवी, हे तुम्ही सगळ्यांनी गृहीतच धरलंत. मला नको आहे. एका सर्व्हरवर मी माझ्या कामाबद्दल लिहिते, दुसऱ्यावर टोपणनावाने एका दीर्घ आजाराबद्दल. त्या दुसऱ्या जागेवर मी मोकळी असते कारण माझ्यासारख्या शेकडो लोकांच्या पत्त्याचा शेवट एकच आहे. एकटीचं डोमेन घेतलं की त्या डोमेनवरची प्रत्येक गोष्ट माझी, हे उघडच झालं. तुम्हाला जी सोय वाटते तो माझ्यासाठी माग आहे.

ब्रिजी फेड या पुलावरून फेब्रुवारी 2024 मध्ये वाद झाला होता तो याचसाठी. मॅस्टोडॉनवरचे उघडे लेख ब्लूस्कायवर आपोआप दिसावेत आणि नको असेल त्याने नाही म्हणावं, असा बेत होता. लोक चिडले, तेव्हा ठरलं की ज्याला पूल हवा त्याने पुलाच्या खात्याला स्वतःहून फॉलो करायचं. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो. मी कुठे कोणत्या नावाने दिसायचं, हे आधी मला विचारा.

आडवाटेचा

ओलीशाई, हे मी खरंच लक्षात घेतलं नव्हतं. जो आपल्या नावाने लिहितो, ज्याला वाचकांनी ओळखावं असं वाटतं, त्याच्यापुरतंच माझं म्हणणं ठेवतो. टोपणनावाला गर्दीचा सर्व्हरच बरा.

मैत्रिणीचं सांगतो. तिचा सर्व्हर पुढच्या महिन्यात बंद होतोय, हे तिला पत्ता शोधताना कळलं. सूचना सर्व्हरच्या पानावर होती, तिने कधी वाचलीच नव्हती. काल आम्ही दोघांनी बसून खातं हलवलं. आधी नव्या खात्यात जुन्याचा उपनाम म्हणून उल्लेख करायचा, मग जुन्या खात्यातून हलवा म्हणायचं. ती स्वतः ज्यांना फॉलो करते त्यांची यादी फाइल म्हणून उतरवून नव्या जागी चढवली. बहुतेक फॉलोअर तासाभरात आले. पोस्ट मात्र येत नाहीत, त्या जुन्या सर्व्हरबरोबर जाणार. तिने त्यांची प्रत उतरवून घेतली आहे, पण त्यांखालचे इतरांचे प्रतिसाद त्यात नाहीत. ती बराच वेळ काही बोलली नाही.

सरळरेघ

आणि सर्व्हर आधीच बंद झाला असेल तर?

आडवाटेचा

मग फॉलोअर हलवता येत नाहीत, कारण मी गेलो असं सांगणारं जुनं खातंच उरत नाही. यादी उतरवलेली असेल तर तुम्ही लोकांना पुन्हा शोधू शकता. ते तुम्हाला शोधतील की नाही, ते त्यांच्यावर. म्हणून यादी आजच उतरवा.

दगडी पाटी

आत्ता आमच्या सर्व्हरचं माहितीपान पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. बंद करण्याआधी किती मुदत देणार, याबद्दल एक ओळही नाही. ॲडमिनला विचारलं आहे, उत्तर आलं की इथे लिहितो. यादी उतरवली. डोमेन मात्र घेणार नाही.