जुन्या आरपीजीत (भूमिका घेऊन खेळायच्या गेममध्ये) शिरायचंय: बाल्डर्स गेट ३ आणि विचर ३ नंतर काय खेळू?

अर्धविराम
दोन्ही पूर्ण झाले. पहिल्यात बोलून सुटणारे प्रसंग आवडले, दुसऱ्यात आडवाटेच्या क्वेस्ट. आता मागे जायचंय. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तेव्हा जुने गेम सोयीचेही पडतील. वाचायचा कंटाळा नाही, पण पहिल्या तासातच दहादा मरायला लावणारं असेल तर नेमकं का मरतो ते आधी कळू द्या.
बाल्डर्स गेट १ पासून जाऊ की थेट २? फॉलआउटमध्ये म्हणे दिवसांची मुदत असते, ती कितपत जाचते? सोबत एखादा नवा टर्न-बेस्डही (पाळीपाळीने लढायचा) सुचवा, त्यासाठी डेस्कटॉप मिळेल. कथा फोडू नका, प्लीज.

सहा_बाजू
थेट २ नको. २००० सालचा दुसरा भाग तुम्हाला मधल्या लेव्हलला उतरवतो आणि जादूची भलीमोठी यादी एकदम हातात देतो. १९९८ चा पहिला भाग तेच नियम एकेक करून शिकवतो. फक्त शिकवण्याची पद्धत म्हणजे मारणं.

मरण्याचं कारण साधं आहे. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला फार तर ४ हिट पॉइंट (वर कॉन्स्टिट्यूशनचा बोनस असला तर). लांडग्याचा एक चावा आणि संपलं. शिवाय नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या दुसऱ्या आवृत्तीचे, म्हणजे तुम्हाला सवय आहे त्याच्या उलटे: आर्मर क्लास (बचावाचा आकडा) जितका कमी तितका चांगला. तुमच्या थॅकोतून (वार लागण्याच्या मूळ आकड्यातून) शत्रूचा आर्मर क्लास वजा करा, उरलेला आकडा वीस बाजूंच्या फाशावर पडायला हवा. थॅको २० आणि समोर आर्मर क्लास ५, तर १५ किंवा वर, म्हणजे शंभरात तीस वार लागणार. चौघंजण मिळून एका लांडग्याला मारताना दमतात ते यामुळे.

उपाय: कॅन्डलकीप सोडण्याआधी सरायवाल्याकडून धनुष्य किंवा गोफण आणि भरपूर बाण-गोटे घ्या. सुरुवातीला लांबून मारणं हेच खरं चिलखत. जादूगाराला स्लीप पाठ करायला लावा. कमी लेव्हलचा अख्खा घोळका झोपतो आणि झोपलेल्यावर वार चुकत नाही (भुतंप्रेतं मात्र झोपत नाहीत). तिसऱ्या भागात तयार जादू कुठल्याही मोकळ्या स्लॉटमधून (जादूच्या जागेतून) टाकता येते. इथे एकच जादू दोनदा हवी तर दोन स्लॉट आधीच तिला द्यायचे आणि मग झोप काढायची. ते न केल्यामुळे अनेकांना वाटतं की जादूगार बिघडलाय.

बाहेर पडलात की वाटेत भेटणाऱ्यांना सोबत घ्या आणि सरळ फ्रेंडली आर्म इन गाठा. मध्ये जंगलात भटकू नका. सरायच्या पायऱ्यांवर एक जादूगार अडवतो. तो मंत्र म्हणायला लागला की सगळ्यांनी त्याच्यावरच बाण सोडायचे, कारण मंत्र म्हणताना इजा झाली तर मंत्र फुकट जातो. त्याची भीती घालणारी जादू लागली तर तुमची माणसं सैरावैरा पळतात आणि पॉज करूनही काही करता येत नाही. पायऱ्या चढण्याआधी सेव्ह.

ऑटो-पॉजमध्ये ‘शत्रू दिसला’ आणि ‘शस्त्र निकामी’ हे दोन चालू करा. दुसरा महत्त्वाचा, कारण या भागात लोखंडाची साधी शस्त्रं लढता लढता मोडतात (कथेचाच भाग आहे). प्रत्येकाकडे एक जादा शस्त्र ठेवा.

अर्धविराम
वा, हे हवं होतं. मूळ आवृत्ती घेऊ की एन्हान्स्ड?

सहा_बाजू
एन्हान्स्ड, २०१२ ची. रुंद स्क्रीनवर नीट बसते आणि तुमच्या लॅपटॉपवर आरामात चालेल. मूळ आवृत्तीला मॉड लावत बसण्यात आता अर्थ नाही. एक लक्षात ठेवा: काठिण्यपातळी कोअर रूल्स ठेवलीत तर गुंडाळीवरून जादू उतरवताना ती फसू शकते आणि गुंडाळी गेली ती गेलीच. आधी क्विकसेव्ह.

रात्रपाळी
बाल्डर्स गेट चांगलाच आहे, पण बोलून सुटणारे प्रसंग आवडले असतील तर आधी फॉलआउट. १९९७ चा, पहिला. आटोपशीर आहे, नियम एका बैठकीत कळतात आणि शेवटच्या माणसाशीसुद्धा तोंडाने लढता येतं.

मुदत खरी आहे: पाण्याची चिप शोधायला १५० दिवस. हब या शहरातल्या पाणी व्यापाऱ्यांना पैसे दिले की आणखी १०० मिळतात. दिवस संवादात जात नाहीत, जगाच्या नकाशावर चालण्यात आणि जखमा भरायला विश्रांती घेण्यात जातात. म्हणून इकडून तिकडे उगाच फेऱ्या नकोत, एवढंच पथ्य. मुळात चिपनंतरही एक ५०० दिवसांची मुदत होती, ती पॅचने जवळपास काढूनच टाकली. जुन्या लेखांत तिची भीती घातलेली दिसेल, सोडून द्या.

कॅरेक्टर बनवताना अजिलिटीवर (चपळाईवर) काटकसर करू नका. अॅक्शन पॉइंट (एका फेरीत खर्चायची चाल) म्हणजे ५ अधिक अजिलिटीचा अर्धा भाग. १० ठेवलीत तर १० पॉइंट, आणि पिस्तुलाची साधी गोळी ५ ची, म्हणजे एका फेरीत दोन. ८ ठेवली की ९ पॉइंट होतात आणि दुसरी गोळी हुकते. गिफ्टेड हा ट्रेट घ्या: सातही गुण एकेकाने वाढतात, बदल्यात कौशल्यं थोडी कमी होतात. टॅग (म्हणजे मुख्य म्हणून निवडायची कौशल्यं) स्मॉल गन्स, स्पीच, लॉकपिक. बिग गन्स आणि एनर्जी वेपन्सना सुरुवातीला टॅग केलं तर हातात शस्त्रच नसतं, कारण ती फार उशिरा मिळतात.

पहिल्याच गावात इयन सोबत येतो. त्याला मशीन पिस्तूल देऊ नका. तो बर्स्ट (एकदम अनेक गोळ्या) सोडतो आणि मधे तुम्ही आहात की नाही हे बघत नाही. दारात उभा राहिला तर ढकलताही येत नाही, म्हणून अरुंद खोलीत शिरण्यापूर्वीही सेव्ह, तोही वेगळ्या स्लॉटमध्ये. आणि व्हॉल्ट १५ या भूमिगत आसऱ्याकडे निघण्याआधी दोर घ्या, नाहीतर लिफ्टच्या खड्ड्यापाशी उभे राहून परत फिराल, आणि ते दिवसही मुदतीतून जातील.

दुसऱ्या भागापासून सुरुवात नको. त्याचं पहिलंच देऊळ हाताने किंवा भाल्याने लढायला लावतं, त्यामुळे बंदुकीचं बिल्ड तिथेच रडतं.

मुका_साक्षीदार
दोन्ही सल्ल्यांना अनुमोदन, पण संवादच हवे असतील तर प्लेनस्केप: टॉरमेंट (१९९९) कसा कोणी घेतला नाही? लढाई सुमार आहे, हे आधीच मान्य. नायक मरूनही उठतो, त्यामुळे ती फारशी आड येत नाही. प्रत्येक गुण ९ पासून सुरू होतो, वाटायला २१ पॉइंट मिळतात. विस्डम १८, इंटेलिजन्स १६, करिश्मा १४ असे बरोब्बर संपतात. ताकदीला काही देऊ नका. विस्डम कमी ठेवून तलवारबाज केलात तर नायकाला जुनं काही आठवतच नाही आणि उरते ती फक्त सुमार लढाई. लोक हा गेम अर्ध्यात सोडतात त्यातले निम्मे इथेच चुकलेले असतात.

याचा नवा भाऊ डिस्को एलिझियम (२०१९). यात दोन साधे फासे पडतात, त्यामुळे गणित वेगळं. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक अधिकचा पॉइंट ५ टक्क्यांचा. इथे कौशल्य ४ आणि फाशांसह बेरीज ११ हवी असेल तर ५८ टक्के, कौशल्य ५ केलं की एकदम ७२. मधल्या पट्ट्यात एकेक पॉइंट सोन्याचा, टोकाला जवळपास निरुपयोगी. दोन सहा पडले तर काहीही जमतं, दोन एक पडले तर काहीही फसतं.

पांढरी तपासणी (पुन्हा करता येणारी फाशाची चाचणी) फसली तर त्या कौशल्यात पॉइंट घातल्यावर पुन्हा उघडते, म्हणून एक पॉइंट कायम न वापरता हातात ठेवा. लाल तपासणी एकदाच. तिच्याआधी कपडे बदलून बघा, टोपी-जोड्यांनी कौशल्य वरखाली होतं. शारीरिक गुण अगदी तळाला ठेवलेत तर पहिल्या खोलीतला दिवा लावतानाही गेम संपू शकतो. हे फोडणं नाही, इशारा आहे.

नकाशेवाला
विचरच्या आडवाटा आवडल्या म्हणता, मग मॉरोविंड (२००२). तक्रार ठरलेली असते: तलवार अंगातून आरपार जाते, पण लागत नाही. कारण आत फासा आहे. शस्त्राचं कौशल्य, अधिक अजिलिटीचा पाचवा भाग, अधिक लकचा दहावा भाग. या बेरजेला दमाप्रमाणे गुणलं जातं: पूर्ण दम असेल तर १.२५ ने, दम संपला तर ०.७५ ने. शत्रूची चपळाई नंतर वजा.

कौशल्य ३०, अजिलिटी ४०, लक ४० धरा. बेरीज ४२. ताजेतवाने असाल तर सुमारे ५२ टक्के, धापा टाकत असाल तर ३१. आणि धावण्याने दम जातो. म्हणजे शत्रूकडे पळत सुटणं हीच चूक, शेवटची पावलं चालत जा. दुसरी चूक सुरुवातीच्या कचेरीत मिळणारा खंजीर. तो शॉर्ट ब्लेडमध्ये येतो. तुम्ही लाँग ब्लेड निवडला असेल तर खंजिराचं कौशल्य ५, बेरीज १७, आणि पूर्ण दमातही २१ टक्के. निवडलेल्या कौशल्याचंच शस्त्र विकत घ्या.

क्वेस्टचा बाण नकाशावर नाही. ‘पुलाच्या अलीकडे डावीकडे’ असं डायरीत लिहिलेलं असतं, ते वाचत जायचं. याच मालिकेतल्या स्कायरिम (२०११) नंतर हे जड जातं, पण वाट सापडल्याची मजा त्यातच आहे. ओपनएमडब्ल्यू हे फुकट इंजिन वापरा, गेमच्या मूळ फाइली लागतील. मधला ऑब्लिव्हियन मला पटत नाही. तुमच्याबरोबर शत्रूही वाढतात, मग लेव्हल वाढवायची कशाला?

तिसरी_फैर
जपानी बाजू कोणी मांडलीच नाही. क्रोनो ट्रिगर (१९९५), वीस-पंचवीस तासांत संपतो, फुकटचं भटकणं नाही. सेटिंगमध्ये लढाई ‘वेट’वर ठेवा, म्हणजे यादी वाचताना वेळ थांबते. दोघांची जोडटेक (दोघांनी मिळून करायचा वार) वापरायची तर दोघांचीही पट्टी भरलेली लागते, तेव्हा पहिल्याला घाईने मारायला लावू नका. फायनल फँटसी ६ (१९९४) नंतर. त्यात एस्परमुळे (जादुई जिवांमुळे) मिळणारी गुणवाढ फक्त लेव्हल वाढतानाच होते, म्हणून एस्पर मिळण्याआधी मुद्दाम लेव्हल वाढवत बसणं तोट्याचं.

नव्या टर्न-बेस्डमध्ये एक्स्पेडिशन ३३ (२०२५). शत्रूच्या पाळीतही तुमचा हात कळीवर हवा. चुकवण्याला जास्त वेळ मिळतो, पॅरीला (वार अडवायला) कमी. आधी फक्त चुकवा. ‘परफेक्ट’ दिसलं की समजा तिथे पॅरी बसली असती. पॅरीने अॅक्शन पॉइंट मिळतो आणि सगळे वार परतवले की उलटा वार. नवा पिक्टो (अंगावर लावायची, गुण देणारी वस्तू) चार लढाया अंगावर ठेवला की त्याचा गुण ल्युमिना म्हणून कोणालाही देता येतो, म्हणून शिकून झालेले पिक्टो नुसते अडकवून ठेवू नका. लॅपटॉपवर प्रयत्नही नको.

पर्सोना ५ रॉयल घेतलात तर तीन पात्रांशी मैत्रीची पायरी (रँक) गाठायच्या तारखा लिहून ठेवा: मारुकी १८ नोव्हेंबरच्या आत नवव्या रँकला, अकेची २४ नोव्हेंबरच्या आत आठव्या, कासुमी १८ डिसेंबरच्या आत पाचव्या. मारुकी राहिला तर शेवटचा मोठा भाग उघडतच नाही, आणि गेम तोंडाने एक शब्द बोलत नाही.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. फॉलआउट आधी, मग बाल्डर्स गेट १, डेस्कटॉपवर एक्स्पेडिशन ३३. फॉलआउट उघडून पाहिला तर पूर्ण रिझोल्यूशनला अक्षरं मुंगीएवढी दिसतात आणि खाली करावं तर चित्र ताणलं जातं. काय करू?

रात्रपाळी
फॉलआउट कम्युनिटी एडिशन टाका. मूळ गेममधली मास्टर आणि क्रिटर या दोन डॅट फाइली आणि डेटा फोल्डर त्याच्या शेजारी ठेवायचं. मग रिझोल्यूशनच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये स्क्रीनच्या बरोब्बर निम्मी रुंदी-उंची भरा. १९२० × १०८० असेल तर ९६० × ५४०. प्रमाण तेच राहतं, म्हणून चित्र ताणलं जात नाही, आणि अक्षरं दुप्पट होतात. ६४० × ४८० च्या खाली जाऊ नका, खालची पट्टी तेवढ्यासाठीच बनवलेली आहे.