मदत हवी आहे: मेलमधे 'टिल फ्रायडे' लिहायचं की 'बाय फ्रायडे'?

नमस्कार मंडळी, मी रबाळे एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत डिस्पॅच बघते, पार्ट्यांना रोज इंग्रजीतून मेल जातात. आमच्याकडे नवीन लागलेला मुलगा लिहितो 'वी विल डिस्पॅच द मटेरियल टिल फ्रायडे', आणि तोच कशाला, अर्धं ऑफिस असंच लिहितं. मला ते खटकतं, तिथे 'बाय फ्रायडे' पाहिजे. आपण 'शुक्रवारपर्यंत माल देतो' आणि 'शुक्रवारपर्यंत गोडाऊन बंद आहे' दोन्हीकडे पर्यंतच म्हणतो, हिंदीतपण दोन्हीला तक, म्हणून हा घोळ होतो असं मला वाटतं. मला कळलंय ते असं की काम एकदाच व्हायचंय आणि शुक्रवार ही मुदत आहे, बुधवारी झालं तरी चालेल, तर बाय. आणि एखादी गोष्ट तोवर चालूच राहणार असेल तर टिल. म्हणजे बाहेरच्या पार्टीला वाटायचं की हे शुक्रवारपर्यंत रोज गाड्या पाठवत बसणार!

पण तो मुलगा हुशार आहे, त्याने विचारलं मग 'द ट्रक वोन्ट लीव्ह टिल फ्रायडे' कसं काय बरोबर? गाडी तर एकदाच निघणार ना? यावर काय सांगू?

आणि दुसरं, एका पार्टीने लिहिलंय माल 'टिल फिफ्टीन्थ' घेऊ. 15 ला गाडी नेली तर उतरवून घेतील का? ड्रायव्हरला ऐरोलीवरून परत फिरवायची माझी इच्छा नाही.

प्रतिसाद: ताई, तुमचं बरोबर आहे, मी ठाण्यात इंग्रजीच्या शिकवण्या घेतो, दर बॅचला हे येतंच. जर्मनमधेही दोन्हीला 'बिस' हा एकच शब्द आहे, त्यामुळे ती मंडळीही इथेच अडखळतात. त्या मुलाला सांगा, 'वोन्ट लीव्ह' मधे चालू काय राहतंय ते बघ. गाडीचं न निघणं! ती शुक्रवार उजाडेपर्यंत उभीच आहे, म्हणून टिल. 15 तारखेचं मात्र नुसत्या टिलवरून पक्कं ठरत नाही, म्हणून करारात 'अप टू अँड इन्क्लूडिंग' लिहितात, अमेरिकन लोक 'थ्रू' वापरतात, त्यात शेवटचा दिवस धरलेला असतो. तुम्ही सरळ फोन करून विचारा. आणि टिल हे अंटिलचं छोटं रूप नाही बरं का, टिल जुना, अंटिल नंतरचा, आणि स्पेलिंगमधे टिलला दोन एल, अंटिलला एकच. मेलमधे दोन्ही चालतात.

धागाकर्ती: खूप खूप आभार दादा, न निघणं चालू राहतंय हे एकदम पटलं, उद्याच त्याला सांगते. पार्टीला फोन लावला, 15 धरून घेतायत. आता अजून एक, आमच्या स्टेटमेंटवर 'पेमेंट रिसीव्ह्ड टिल डेट' असतं, ते चालतं का?

प्रतिसाद: भारतात सगळे समजतात, पण बाहेरच्या पार्टीला 'टू डेट' लिहा.